लांब्रुस्कोचे दोन ग्लास

नवागामात छगन फिटरचं घर कुणालाही विचारा, लगेच दाखवतात, आणि दाखवताना गालात हसतात. हसण्याचं कारण त्याचं काम नव्हे. कामाला माणूस सोन्यासारखा. सचिन गावच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, महेशभाई शेठचं लूम्सचं खातं, कापडाच्या मागांचा कारखाना आहे, तिथे बंद पडलेलं मशीन छगन आधी कानाने ऐकतो आणि मग पान्याला हात लावतो. हसतात ते त्याच्या उंबऱ्याला. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला छगन दारात येऊन उभा राहतो, चपला पायातच, डबा हातात. आतून त्याची बायको प्रमिला येते, त्याच्या तोंडाजवळ नाक नेते आणि म्हणते, "हा कर."

छगन 'हा' करतो. ती वास घेते. मग म्हणते, "चपला काढ." एवढं झालं की मगच तो घरात पाय टाकतो.

एक-दोन दिवस नाही, नऊ वर्षं हे चाललंय! दिवाळी असो, अंगात ताप असो, गावाकडचे पाहुणे समोर खाटेवर बसलेले असोत, 'हा' चुकत नाही. गल्लीतली पोरं त्याच्या मागे उभी राहून एकमेकांच्या तोंडावर 'हा' करायची आणि पोट धरून हसायची. लेक जयश्री आता कॉलेजात जाते. तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. "मम्मी, हवे बस कर ने!" असं ती गुजरातीत ओरडते, कारण शरमेची गोष्ट तिला गुजरातीतच बोलता येते. प्रमिला ऐकून न ऐकल्यासारखं करते.

आणि करणारच ना. तिने काय कमी सोसलं? छगन एके काळी पोटली प्यायचा. पोटली म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली हातभट्टीची. गुजरातेत दारूबंदी आहे हे कुणाला सांगायला नको, आणि पोटली कुठे मिळते हेही नवागामात कुणाला सांगावं लागत नाही. पगाराच्या दिवशी छगन गटारीच्या कडेला सापडायचा. लग्न झालं तेव्हा प्रमिला त्याला 'अहो' म्हणायची, पोटलीच्या काळात ती 'तू'वर आली आणि मग 'तू'वरच राहिली. शेवटी ती आठ वर्षांच्या जयश्रीला घेऊन शिरपूरला भावाकडे, वाल्मिककडे निघून गेली. चार महिने. छगन तिकडे गेला, वाल्मिकच्या अंगणात उन्हात बसून राहिला, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने शपथ घेतली की पुन्हा शिवणार नाही. प्रमिला म्हणाली, शपथ तुझी, पण नाक माझं. त्या दिवसापासून उंबऱ्यावरचा 'हा' सुरू झाला.

छगनने शपथ पाळली, अगदी कडक पाळली. कुणाच्या लग्नात, कुणाच्या तेराव्यातसुद्धा नाही. त्याची आता एकच इच्छा उरली होती. एका संध्याकाळी आपण यावं आणि कुणी थांबवू नये. चपला काढून सरळ आत जावं, पाणी मागावं आणि मिळावं. बाकीचे बाप जातात तसं. एवढंच! पण हे तो प्रमिलाला कधी बोलला नाही. बोलायला तोंड कुठे होतं?

तर या छगनच्या आयुष्यात रेंझो आला.

महेशभाई शेठने इटलीहून आठ नवी मशिनं मागवली. त्यांच्याबरोबर ती बसवायला एक इंजिनियर आला, पंचावन्नच्या आसपासचा, टक्कल पडलेला, दंडावर ग्रीसचे डाग मिरवणारा. हाच रेंझो. शेठने छगनला त्याच्या हाताखाली दिलं. दोघांची भाषा जुळेना, पण पाना, नट आणि शिव्या एवढ्यावर त्यांचं दोन दिवसांत छान जमलं. उरलेलं रेंझोच्या मोबाईलवर चालायचं. तो इटालियनमध्ये बोलायचा, आणि मोबाईलमधली बाई टीव्हीवर बातम्या द्याव्यात तशा हिंदीत ते सांगायची. "यह पेच ढीला है, मित्र," असं ती इतक्या गंभीरपणे म्हणायची की खात्यातली सगळी माणसं मशीन सोडून हसायची.

दुपारी रेंझो हॉटेलचे सँडविच बाजूला सारायचा आणि छगनच्या डब्यात हात घालायचा. कळण्याची भाकरी, भरीत, आणि शेवभाजी तर त्याचा जीव की प्राण. तेलाचा लाल तवंग भाकरीने पुसून खायचा, नाक पुसायचा, आणि मोबाईलला काहीतरी सांगायचा. बाई म्हणायची, "इसके साथ मेरे पिताजी की शराब चाहिए।" छगन दोन्ही कानांच्या पाळ्या धरायचा. रेंझोला वाटायचं, हा इथला नमस्कार असावा. तोही कान धरायचा.

दुसऱ्या आठवड्यात शेठने रेंझोला दारूबंदी नसलेल्या दमणला नेलं, गाडीत छगनलाही घेतलं. तिथे हॉटेलात शेठने मोठ्या तोऱ्यात एक बाटली मागवली. लाल, फसफसणारी, इटलीची. "लो साहेब, तमारा गामनी!" शेठने ग्लासात बर्फ टाकला, वरून थोडं कोलाही ओतलं. छगन साधा सोडा घेऊन बसला होता, पण वास त्याच्यापर्यंत आला. खोकल्याच्या औषधाचा यावा तसा गोड, चिकट वास. रेंझोने पाहुणा म्हणून एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला तो ठेवलाच. त्याचं तोंड असं झालं, जसं कुणी त्याच्या आईबद्दल काही वावगं बोललं असावं.

परतताना गाडीत त्याने मोबाईल पुढे केला आणि ती बातम्यांची बाई अर्धा तास बोलत होती. त्या वाईनचं नाव लांब्रुस्को. मोदेना शहराजवळ रेंझोचं गाव, आणि गावात जो तो तीच करतो. पूर्वीपासून ती कोरडी, आंबटसर, जेवणाबरोबर घ्यायची. मग रेंझो लहान असताना मोठमोठ्या कारखान्यांनी तिच्यात गोडवा ठेवला, स्वस्तात बाटल्या भरल्या आणि जहाजंच्या जहाजं अमेरिकेला पाठवली. लोक ती शीतपेयासारखी ढोसायला लागले. पैसा आला, पण नाव गेलं. पुढे लांब्रुस्को म्हटलं की मोठ्या हॉटेलातला वेटरसुद्धा हसायचा. रेंझोच्या बापाने मात्र आपली पद्धत सोडली नाही. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची, तळाशी गाळ बसू द्यायचा, साखर ठेवायची नाही. तीस वर्षं शेजारीपाजारी सोडून कुणी विचारलं नाही. आता कुठे लोकांना कळायला लागलंय, दूरदूरच्या गाड्या दारात येऊन थांबतात. बाप चौऱ्याऐंशीचा झालाय, म्हणतो, मी तर तेच करतोय, तुम्हीच कुठे गेला होतात?

छगन खिडकीबाहेर बघत होता. उगाच बदनाम झालेली चीज! त्याला त्या म्हाताऱ्याचं काळीज कळलं. छगनने पुढच्या सीटवरून मागे वळून विचारलं, म्हातारा स्वतः किती पितो? बाई म्हणाली, "दोपहर के खाने के साथ एक ग्लास। फिर बोतल बंद।"

"आणि उरलेली?"

"शाम को। या कल।"

छगनला ते पटेचना. उघडलेली बाटली ठेवून माणूस उठतो? बंद करतो? आणि उद्यापर्यंत ती तशीच राहते? पोटलीला तर तोंड फाडलं की पुन्हा बांधायला गाठच नसते. त्या एका ग्लासाचा विचार त्याच्या डोक्यात घर करून बसला. नट कसताना, बसमध्ये, उंबऱ्यावर 'हा' करतानासुद्धा.

मशिनं बसली. रेंझो सोमवारी जाणार होता. रविवारी खात्याला सुट्टी. त्याने छगनला तो उतरला होता त्या पिपलोदच्या हॉटेलात जेवायला बोलावलं, म्हणजे जेवण छगननेच आणायचं. प्रमिला पहाटेपासून ओट्याशी उभी. शेवभाजी, भाकऱ्या, ठेचा, वर चार पापड. "परदेशातला माणूस, आपल्या हातचं खातो," ती म्हणाली, आणि डब्याला फडकं बांधताना गाठ दोनदा तपासली. छगनला ते पाहून बरं वाटलं. कित्येक दिवसांत तिने त्याच्यासाठी एवढ्या हौसेने काही केलं नव्हतं.

खोलीत रेंझोने फ्रिजमधून बाटली काढली. बापाची. स्वतःच्या सामानातून आणलेली, परदेशी पाहुण्यांना मिळतं ते परमिट त्याच्या नावाचं. छगनचं काही परमिटबिरमिट नव्हतं. त्याने कान धरले. आता रेंझोला कळलं की हा नमस्कार नव्हे. तो म्हणाला, ठीक आहे, तू फक्त उघडून दे, फिटर आहेस ना. छगनने बुचावरची तार सोडली आणि अडकलेला नट काढतात तसा बुचाला एकच झटका दिला. झालं! बूच छताला आणि फेस छगनच्या शर्टावर, गळ्यापासून पोटापर्यंत. दोघं खो खो हसले.

रेंझोने ओतली. जांभळा फेस ग्लासाच्या काठापर्यंत चढला आणि चुरचुरत खाली बसला. छगनने नाक जवळ नेलं, फक्त नाक. दमणसारखा गोड वास नव्हता. जांभळांचा होता, गावी नदीकाठच्या झाडाखाली पडून पिचलेल्या जांभळांचा, आणि खाली ओल्या मातीचा. पोटलीचा वास डोक्यात खिळा ठोकतो. हा वास जेवायला बोलावत होता.

आणि मग माणूस मनाशी कशी वकिली करतो बघा! छगन स्वतःला म्हणाला, मी शपथ घेतली ती दारूची. ही दारू कुठे? हे तर म्हाताऱ्याच्या जेवणातलं. ताक घेतो तसं. आणि एकच ग्लास. म्हातारा एकच घेतो, मीही एकच घेईन. नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांनंतरही मी एक ग्लास घेऊन थांबू शकत नसेन, तर त्या नऊ वर्षांचा उपयोग काय?

त्याने शेवभाजीचा घास खाल्ला आणि एक घोट घेतला. आंबट. गोडाचा मागमूस नाही. जिभेवरचं तेल धुऊन निघालं, तिखट मागे सरलं, आणि पुढचा घास हवासा वाटला. त्याने सावकाश जेवत, रेंझोकडे बघत, तो ग्लास संपवला. इतक्या वर्षांत तो कधी अन्नाबरोबर, बसून, कुणाशी बोलत प्यायला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. रेंझो खूश झाला. त्याने बाटलीला झाकण लावलं आणि बापाच्या मळ्याचे फोटो दाखवायला लागला.

छगनला फोटो दिसेनात. बाटली दिसत होती. बाई काहीतरी सांगत होती, ऐकू येईना. झाकण दिसत होतं. आणि मग त्याचा हात आपोआप पुढे गेला, झाकण काढलं, ग्लास काठोकाठ भरला, आणि छगन उभ्या उभ्या ते सगळं घशाखाली ओतून मोकळा झाला. जांभूळ नाही, माती नाही, चव कसली ती नाहीच. पोटलीसारखं.

रेंझो बघत राहिला. मग त्याने बाटली उचलली, फ्रिजमध्ये ठेवली, आणि फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. छगनला इतकी लाज वाटली की त्याने डबे न धुताच गोळा केले आणि निघाला.

बसमध्ये त्याने बडीशेप खाल्ली, मग पान खाल्लं. डोकं ठिकाणावर होतं. जयश्रीच्या डोक्यावर ठेवला होता तो हात तो मांडीखाली दाबून बसला. त्या वाईनचं नाव उगाच खराब झालं होतं. आपलं मात्र उगाच नव्हतं. हे त्याला आज कळलं.

मग त्याला आठवला शर्ट. डागाने भरलेला, वासाने भरलेला. देवानेच दिलेला जसा काही! दारात पोचताच त्याने आधी तोंड पुढे करून 'हा' केला आणि मग सांगायला लागला, "अगं, साहेबाने बाटली उघडली, सगळी माझ्यावर उडाली. बघ काय शर्टाची दशा केली!" प्रमिलाने वास घेतला. बराच वेळ घेतला. मग म्हणाली, "काढ तो शर्ट." चपलांचं काही म्हणाली नाही. शर्ट बादलीत बुडवला, साबण चोळला.

जेवताना तिने पानात भाकरी टाकली आणि साध्या आवाजात सांगितलं, "उद्यापासून 'हा' नको करू. झाली नऊ वर्षं."

जयश्री एकदम उजळली. "थँक गॉड, मम्मी!" जे मागायची नऊ वर्षं हिंमत झाली नाही, ते न मागता पानात पडलं, आणि तेही आज! त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की आज नको, उद्या दे, कधीतरी दे, आज नको. पण तो पानावरून उठला. पाणी प्यायला आणि हात धुतले.

सोमवारी रेंझो खात्यात निरोप घ्यायला आला. सगळ्यांशी हात मिळवले. छगनपाशी थांबून मोबाईलला हळू काहीतरी म्हणाला. बाई त्याच त्या बातम्यांच्या आवाजात बोलली, "कल मुझसे गलती हुई। मुझे पूछना चाहिए था कि तुम कान क्यों पकड़ते हो।" आज कुणी हसलं नाही. छगनने मान हलवली. चूक रेंझोची नव्हती, पण ते त्या बाईला सांगायचं कसं?

दिवसभर त्याचं लक्ष मोबाईलवर. जयश्री मोपेडवर कॉलेजला जाते, उधन्याच्या पुलाखाली ट्रक कसे येतात ते त्याला ठाऊक. शपथ मोडली की ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याला भोवते, हे त्याने आईच्या दुधाबरोबर घेतलेलं. पोरीला चार वेळा फोन केला. चौथ्यांदा ती वैतागली, "पप्पा, शू थयुं तमने?" काय झालंय तुम्हाला? पोरीचा आवाज ऐकून जीव भांड्यात पडायचा, आणि पाच मिनिटांत पुन्हा बाहेर.

संध्याकाळी सात. दार उघडं. प्रमिला ओट्याशी, तिची पाठ दाराकडे. उंबऱ्यावर कुणी नाही. गल्लीतली पोरंही आज दुसरीकडे कुठे खेळत होती. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ती ही संध्याकाळ. फक्त चपला काढायच्या आणि आत जायचं.

छगनला चपला काढता येईनात.

"मझार ये," प्रमिला मागे न बघताच अहिराणीत म्हणाली. आत ये.

"तू आधी इकडे ये."

"सांगितलं ना, नको म्हणून."

"काल प्यायलो मी," छगन म्हणाला. "शर्ट खोटा नव्हता. पण प्यायलोही. दोन ग्लास."

प्रमिलाने गॅस बंद केला. हात पुसत दाराशी आली. चेहऱ्यावर राग नाही, आश्चर्य नाही.

"माले माहीत शे," ती म्हणाली.

"कसं?"

"नऊ वर्षांत माझ्या आधी तू कधी तोंड पुढे केलंस? काल केलंस."

"मग 'हा' नको करू म्हणालीस ते..."

"कंटाळले. वास घेऊन कुणी कुणाला राखू शकतं का? म्हटलं, पिऊ दे त्याला. पोरीच्या कॉलेजचा हा महिना संपला की आम्ही आमचं बघू."

तिच्या खांद्यावरून त्याला आत खाटेवर माळ्यावरची ती निळी बॅग दिसली. शिरपूरला नेली होती तीच. चेन उघडी, आत जयश्रीचे दोन ड्रेस आणि कागदपत्रांची पिशवी. म्हणजे काल पानात पडलं ते बक्षीस नव्हतं. बायको त्याच्यावर पाणी सोडून मोकळी झाली होती, आणि तो वेडा त्याला विश्वास समजत होता!

तो उंबऱ्याच्या बाहेरच खाली बसला. शेजारची बाई दारात आली, बघून आत गेली.

"चांगली होती?" प्रमिलाने विचारलं.

त्याला वाटलं टोमणा आहे. पण ती खरंच विचारत होती.

"पहिला ग्लास चांगला होता," तो म्हणाला. "तुझ्या शेवभाजीबरोबर. खूप चांगला होता गं. त्या म्हाताऱ्याच्या वाईनमध्ये काही खोट नाही, कुणी काही म्हणो. पहिला मी चाखला. दुसरा नुसता प्यायलो. तिसराही प्यायलो असतो, त्याने बाटली आत ठेवली म्हणून." त्याने तोंड पुसलं. "तो म्हातारा एकावर थांबतो. मला नाही येत. मला वाटलं होतं, आता येत असेल."

प्रमिला चौकटीला टेकून उभी राहिली. गल्लीच्या टोकाला जयश्रीच्या मोपेडचा हॉर्न वाजला, तो आवाज छगन शंभर गाड्यांत ओळखतो. पोर धडधाकट घरी येत होती. त्याला रडू फुटलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

"ऊठ," प्रमिला म्हणाली.

तो उठला. ती पुढे आली. बॅग खाटेवर तशीच होती, चेन उघडी, आणि तिने वळून बॅगेकडे पाहिलंही नाही.

"हा कर."

छगनने 'हा' केला. पोटातली सगळी हवा बाहेर पडेपर्यंत केला. मागून जयश्री येऊन उभी राहिली, तिने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि या खेपेला काही बोलली नाही.

प्रमिलाने वास घेतला.

"एक दिवस झाला," ती म्हणाली. "चपला काढ."